दामाजीच्या गाडीचे झटके

मी तापट आहे असं ठाण्याच्या खोपटमध्ये कुणालाही विचारलंत तरी सांगतील. ते खोटं आहे. मला फक्त मूर्खपणा सहन होत नाही, आणि दुर्दैवाने माझ्या आसपास तो भरपूर आहे. एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे, सहदेव मोटर वर्क्स. बावीस वर्षांत इथून एकही गाडी ढकलत बाहेर गेली नाही. आत आली असेल ढकलत, बाहेर गेली ती स्वतःच्या पायांवर.

पण अठ्ठ्याण्णव साली माझी जिरायची वेळ आली होती. बाजारात नव्या गाड्या आल्या, त्यांत कार्बोरेटर नाही. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करणारं भांडं. त्याचा आवाज ऐकून मी गिऱ्हाइकाच्या घरचे वाद सांगू शकायचो. आता ते काम कॉम्प्युटर करणार म्हणे. बॉनेट उघडलं की काळ्या झाकणाखाली नुसत्या वायरी. गिऱ्हाइकं एकेक करून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे वळली. तिथे एसीत बसवतात, हातात मासिक देतात. माझ्याकडे बसायला एका जुन्या जीपची सीट आहे.

माझा मेहुणा उत्तम, माझ्या बायकोचा, शेवंतीचा, धाकटा भाऊ, डोंबिवलीला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आहे. त्याने माझ्यासाठी तिथे स्टोअरकीपरची जागा बघून ठेवली. "दाजी, पहिल्या तारखेपासून या. पंख्याखाली बसायचं, वस्तू द्यायच्या-घ्यायच्या. हात काळे करायचं वय राहिलं का तुमचं?" एकोणपन्नास वर्षं हे काय वय आहे? मी भडकलो, पण नाही म्हणालो नाही. रविवारी आम्ही दोघं त्याच्याकडे जेवायला जाणार होतो, आणि तेव्हा त्याला हो की नाही ते सांगायचं होतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी चेंदणी कोळीवाड्यातले दामाजीभाऊ गाडी घेऊन आले. दामाजीभाऊंचा मासळीचा टेम्पो मी वीस वर्षं सांभाळलाय. त्यांचा मुलगा रघु जहाजावर असतो. तो वर्षापूर्वी सुट्टीत आला तेव्हा त्याने बापासाठी नवी कॉम्प्युटरवाली गाडी घेतली, कोळीवाड्यातली पहिली. ती गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तीच गचके खात. पुढे झेप, मागे दचका. दामाजीभाऊ स्टिअरिंगला घट्ट धरून बसले होते.

"सहदेव, दिवाळीपासून ही थेरं चाललीत बघ," ते उतरत म्हणाले. "होडीत बरं वाटतं यापेक्षा. सर्व्हिसवाल्यांनी मशीन लावून बघितलं. काय तो सेन्सर गेला म्हनले. नवा घातला. दोन दिस बरी चालली, तिसऱ्या दिशी परत तेच. आता बोलतात, कॉम्प्युटरच बदला. मी म्हनलं, आधी माझ्या मानसाला दाखवतो."

माझ्या माणसाला! हे ऐकून मला बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. दामाजीभाऊ गेल्यावर मी शटर अर्धं ओढून गाडीसमोर उभा राहिलो आणि मनाशी ठरवून टाकलं. हिचा बिघाड सापडला तर गॅरेज चालू ठेवायचं. नाही सापडला तर रविवारी उत्तमला हो म्हणायचं आणि पहिल्या तारखेपासून डोंबिवलीत पंख्याखाली बसायचं. रात्री जेवताना हे शेवंतीलाही सांगितलं. ती म्हणाली, "गाडीला विचारलंत का, तिला चालेल का एवढी जबाबदारी?"

शेवंतीचा स्वभाव हा असा आहे. वागळे इस्टेटमध्ये एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात ती सोळा वर्षं सर्किटचे बोर्ड तपासते. ती नक्की काय करते हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. टेबलावर बसून करायचं बारीकसारीक काम, एवढंच मला माहीत होतं.

शुक्रवारी सकाळपासून मी गाडीला भिडलो. आधी माझ्या पद्धतीने सगळं पाहिलं. प्लग काढले, हवेची गाळणी काढली, पेट्रोलचा पाइप सोडवला, नळ्यांतून हवा कुठे गळतेय का ते तोंडाने ओढून बघितलं. सगळं स्वच्छ. मग रघुने गाडीबरोबर आणलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं आणि चित्रं बघत सेन्सर शोधला. ॲक्सिलरेटर दाबला की हवेच्या नळीतली एक झडप उघडते, त्याला थ्रॉटल म्हणतात. झडप किती उघडली हे कॉम्प्युटरला कळवणारी डबी म्हणजे हा थ्रॉटल पोझिशन सेन्सर. नाव केवढं, आणि आत बघावं तर रेडिओचा आवाज लहानमोठा करायचं बटण असतं तसली व्यवस्था. मला जरा धीर आला. रेडिओ मी पूर्वी उघडलेला आहे.

सेन्सरला तीन वायरी. एकीतून कॉम्प्युटर पाच व्होल्ट पाठवतो. दुसरी अर्थची, म्हणजे करंट परत जायची. तिसरीतून निरोप जातो. पाय सोडलेला असेल तर अर्धा व्होल्ट, पाय पूर्ण दाबला तर साडेचार. तिन्ही वायरी एका प्लास्टिकच्या टोकात जमतात आणि ते टोक सेन्सरवर खटकन बसतं. त्याला आम्ही कपलर म्हणतो. मी कपलर काढला, चावी ऑन केली आणि मीटर लावला. पाच व्होल्ट बरोब्बर पाच. अर्थ बरोब्बर शून्य. सेन्सर वेगळा तपासला, झडप हाताने हळूहळू उघडली, काटा लोण्यासारखा वर गेला. पुन्हा कपलर लावला, गाडी चालू केली. ढकाक, ढकाक. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा माझ्याकडे बघत होता.

मी हे सगळं चार वेळा केलं. चौथ्या वेळी पाना फेकला तो समोरच्या पीसीओच्या पायरीवर जाऊन पडला. पीसीओवाल्याने तो आणून दिला आणि काही बोलला नाही, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल बघा. सर्व्हिस सेंटरला शिव्या घातल्या, कॉम्प्युटर शोधून काढणाऱ्याला घातल्या, रघुला घातल्या, बाप होडीवर सुखी असताना त्याला गाडी द्यायची हौस कशाला म्हणून. शिव्या संपल्या तरी बिघाड होता तिथेच.

संध्याकाळी घरी आलो आणि चपला काढता काढता म्हणालो, "रविवारी उत्तमला हो सांगून टाकू."

शेवंती भाजी निवडत होती. "काय मोजलंत ते सांगा तरी."

"तुला काय कळणार त्यात?"

"नाही कळलं तर गप्प बसेन. तुमच्यासारखा पाना नाही फेकणार." म्हणजे पीसीओवाला बोलला होता तर.

मी सांगितलं. पाच व्होल्ट, शून्य, लोणी, सगळं. तिने भाजी बाजूला ठेवली. "अहो, मोजताना तो कपलर लावलेला होता की काढलेला?"

"काढलेला. लावल्यावर मीटरची टोकं कुठे घालणार?"

"मग तुम्ही काहीच मोजलं नाहीत," ती म्हणाली. इतक्या शांतपणे म्हणाली की मला राग यायलाही वेळ लागला. "आमच्याकडे बोर्ड नुसता मोजून पास करत नाहीत. लोड लावतात, म्हणजे त्याला कामाला लावतात आणि मग मोजतात. वायर नुसतीच लोंबत असेल तर तिच्यातून करंट जात नाही. करंट जात नसेल तर खराब जोडसुद्धा पाच व्होल्ट दाखवतो. नळ बंद असताना पाइप चोंदलाय का ते कळतं का? नळ सोडायला लागतो."

बावीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो की गाडी उभी असताना ती काय चीज आहे ते समजत नाही, रस्त्यावर काढा. आणि हीच गोष्ट तीन वायरींना लागू होते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सोळा वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून जेवतेय, आणि मी तिला एकदा विचारलं नाही की तू दिवसभर करतेस काय. मला लाज वाटली. तसं मी तिला सांगितलं नाही. उद्या तुला सुट्टी आहे का, एवढंच विचारलं.

शनिवारी सकाळी ती पदर खोचून गॅरेजमध्ये आली. बरोबर शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या आणि तिची सोल्डर मारायची, म्हणजे धातू वितळवून जोड पक्का करायची, इस्त्री; आम्ही घरात तिला इस्त्रीच म्हणतो. कपलर न काढता तिने मागच्या बाजूने, जिथून वायर आत शिरते तिथून, प्रत्येक वायरीलगत एकेक टाचणी सरकवली, आतल्या पत्रीला, म्हणजे वायरीच्या धातूच्या टोकाला, टेकेपर्यंत. "एकमेकींना लागू देऊ नका," तिने मला बजावलं. माझ्याच गॅरेजात! चावी ऑन केली. मी टाचण्यांना मीटर लावला.

पाच व्होल्ट ठीक. निरोपाच्या वायरीवर पाय सोडलेला असताना अर्धा व्होल्ट हवा होता, तिथे एक पूर्णांक दोन. म्हणजे झडप बंद आहे आणि कॉम्प्युटरला वाटतंय की कुणीतरी पाय देऊन उभं आहे. बिचारा गोंधळणार नाही तर काय करणार? पहिल्यांदाच मला त्या कॉम्प्युटरची दया आली.

"आता अर्थ बघा," शेवंती म्हणाली.

अर्थच्या टाचणीवर शून्य यायला हवं होतं. काटा शून्य पॉइंट सातवर थांबला.

"ही बघा चोरी," ती म्हणाली. तिने अजून एक टाचणी घेतली आणि त्याच वायरीत कपलरपासून बोटभर मागे टोचली. तिथे शून्य. पुढे पॉइंट सात, मागे शून्य, आणि मधे फक्त बोटभर अंतर. करंट परत जायची वाट त्या बोटभर जागेत अडली होती. कॉम्प्युटर धडधाकट होता. जुना सेन्सरही धडधाकटच असणार. सेन्सर बदलताना वायर हलली, जोड जरासा लागला, म्हणून गाडी दोन दिवस बरी चालली.

मला नाचावंसं वाटलं. मी खरोखरच शेवंतीचा हात धरला, तर ती म्हणाली, "सोडा, तेलाचा हात आहे." चावी बंद करून कपलर काढला, मागचं रबर सोलून दूर केलं आणि अर्थची पत्री बाहेर ओढली. वायर जिथे पत्रीत दाबून बसवलेली असते तिथे हिरवी बुरशी चढली होती, तांब्यावर चढते तशी. आणि त्या हिरव्याच्या कडेने, रबराच्या घडीत, लालसर गुलाबी काहीतरी सुकून बसलं होतं.

"हे गंजाचं नाही," शेवंती वाकून म्हणाली. तिने नखाने खरवडून बोटावर घेतलं. "अहो, हे कुंकू आहे."

मी हातातली पत्री सोडली.

दसऱ्याला माझ्या गॅरेजसमोर गिऱ्हाइकांच्या गाड्यांची रांग लागते. पहिल्यापासूनची रीत आहे. बॉनेट उघडायचं, इंजिनाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी इंजिनावर सोडायचं. माझ्या उस्तादाने मला शिकवलं होतं की पहिली धार कार्बोरेटरला, कारण गाडी तिथून श्वास घेते. एकवीस दसरे मी ती धार सोडली आणि कुठल्याही गाडीला कधी काही झालं नाही. गरम लोखंडावर पाणी पडायचं आणि चर्र होऊन उडून जायचं. या दसऱ्याला नव्या गाड्यांत कार्बोरेटर दिसेना. पण श्वास घेणार कुठून, ते हुडकायला मला वेळ लागला नाही. हवेची नळी जिथे शिरते तिथे, नेमकी त्या सेन्सरच्या डोक्यावर, मी कुंकवाचं बोट ओढलं आणि करवंटी उपडी केली. गाडी नवी, गिऱ्हाईक जुनं, म्हणून दामाजीभाऊंच्या गाडीला अख्खी करवंटी.

म्हणजे दोन दिवस मी ज्याला ज्याला शिव्या घालत होतो त्या यादीत माझंच नाव राहिलं होतं. शेवंती माझ्याकडे बघत होती. तिने हसायला हवं होतं, नेहमी हसते. त्या दिवशी हसली नाही. तिने पत्री कापून टाकली, जुन्या वायरींच्या गुंडाळीतून एक चांगली पत्री निवडली, सोल्डर मारला. मी पेट्रोलने कपलर धुतला. कुंकू निघून गेलं. कॉम्प्युटरची जुनी नोंद पुसायला बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली आणि गाडी चालू केली. पिवळा दिवा गेला. इंजिन असं संथ चालू लागलं की बॉनेटवर ठेवलेली टाचणीही हलली नाही. माजिवड्यापर्यंत चक्कर मारून आलो, एक झटका नाही.

संध्याकाळी पाचला दामाजीभाऊ आले. गाडीत बसले, गल्लीला वळसा घालून आले आणि उतरले ते हसतच. "सापडला? मना वाटलंच! काय होतं रं?"

"एका वायरीच्या जोडात पाणी गेलेलं. बुरशी धरली होती."

"त्या सर्व्हिसवाल्यांनीच मारलं असनार," ते लगेच म्हणाले. "पाइप लावून इंजिन धुतात ते. मी माझ्या डोल्यांनी बघितलंय. उद्या जाऊन त्यांना दावतोच."

झालं! माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं त्यांनी. मला फक्त मान हलवायची होती. कुंकू तर पेट्रोलबरोबर गटारात गेलं होतं. मी मान हलवली असती तर कोळीवाडाभर माझं नाव झालं असतं आणि रविवारी उत्तमला ताठ मानेने नाही म्हणता आलं असतं. शेवंती कोपऱ्यात टाचण्या डब्यात भरत होती. तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं, मला भांडता आलं असतं.

"नाही, भाऊ," मी म्हणालो. "ते पाणी मी घातलं. दसऱ्याला. नारळाचं."

मग सगळं सांगितलं. धार, करवंटी, कुंकू. सांगताना आवाज चढला माझा, जणू दुसऱ्याच कुणावर ओरडत होतो. दामाजीभाऊ जीपच्या सीटवर बसले. माझं गॅरेज आता त्यांच्या शब्दावर लटकलं होतं.

"नारळ मी आनलेला," शेवटी ते म्हणाले.

"तुम्ही."

"आन खोबरं आपन दोघांनी खाल्लं."

"खाल्लं."

"तं मग तुझ्या एकट्याचं कसं? अर्धं माझं." त्यांनी मांडीवर थाप मारली आणि हसायला लागले. इतके हसले की खोकला लागला. शेवंतीने पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाले. "पन सहदेव, त्या दिशी रांगेत माझ्यामागं अजून गाड्या होत्या. त्यांचं काय?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आम्ही तिघांनी बसून आठवलं. रांगेत चौदा गाड्या होत्या, त्यांतल्या कॉम्प्युटरवाल्या तीन. एक दामाजीभाऊंची. दुसरी वर्तकनगरच्या अण्णांची, बँकेतून निवृत्त झालेले. तिसरी कल्याणला, मंगल कार्यालय चालवणाऱ्या एका गिऱ्हाइकाची. दोघंही दसऱ्यानंतर माझ्याकडे फिरकले नव्हते. मला वाटलं होतं, एसी आवडला असेल.

रविवारी सकाळी डोंबिवलीला जेवायला निघायच्या ऐवजी आम्ही नवराबायको वर्तकनगरला गेलो. अण्णांची गाडी बिल्डिंगखाली कापडाने झाकलेली होती, कापडावर धूळ. बेल वाजवण्याआधी मी शर्टाची कॉलर दोनदा नीट केली. पोलिसांसमोर घाबरलो नाही मी कधी. अण्णांनी दार उघडलं.

"अण्णा, तुमची गाडी गचके खाते का?"

"तुम्हाला कसं समजलं?" ते चकित झाले. "तीन वेळा सर्व्हिसिंगला देऊन आणली. आता विकायचं ठरवलं आहे."

"विकू नका. ती मी बिघडवली आहे."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग शेवंतीकडे आणि तिच्या हातातल्या शिवणाच्या डब्याकडे. मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाले, "सर्व्हिस सेंटरला चार जणांनी मला चार कारणं सांगितली. आपल्याकडून झालं असं एकानेही म्हटलं नाही." आणि खुंटीवरची किल्ली काढून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

या वेळी मी टाचण्या स्वतः लावल्या. शेवंती नुसती बघत होती आणि दोनदा "हं" म्हणाली. अर्थवर पॉइंट नऊ, बोटभर मागे शून्य. रबराच्या घडीत माझं कुंकू. सोल्डर मात्र तिनेच मारला, ते मला अजून सुबक जमत नाही. दीड तासात गाडी संथ चालू लागली. अण्णांच्या बायकोने खाली चहा आणि शिरा पाठवला. मी बॉनेटवर बशी ठेवून खाल्ला.

वर हात धुवायला गेलो तेव्हा म्हटलं, उत्तमला फोन करावा. अण्णांनी फोन पुढे सरकवला. "दाजी, कुठे आहात?" उत्तम ओरडला. "मटण गार होतंय!"

"आम्ही येत नाही रे आज. इथून कल्याणला जायचंय, एक गाडी राहिलीय."

"आणि पहिल्या तारखेचं? मी साहेबांना काय सांगू?"

"दुसरा माणूस बघा म्हणून सांग."

उत्तम मनाने चांगला आहे, त्याला माझी काळजी वाटते हे मला कळतं. "दाजी, रागवू नका, पण विचारतो," तो म्हणाला. "ते कॉम्प्युटरवाल्या गाड्यांचं काम तुम्हाला येतं का?"

एरवी मी त्याला ऐकवलं असतं. बावीस वर्षं, ढकलत गेलेली एकही गाडी नाही, आणि काय काय. ते सगळं जिभेवर आलंही होतं. शेवंती दारात डबा घेऊन उभी होती.

"नाही येत," मी म्हणालो. "तुझ्या ताईकडे शिकतोय."

शेवंती एकदम वळून जिना उतरायला लागली. मी फोन ठेवून खाली आलो तेव्हा ती अण्णांच्या गाडीला टेकून डोळे पुसत होती. मला म्हणाली, सोल्डरचा धूर गेला.